उकळलेले तीर्थ

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे त्या वर्षापर्यंत मला नीट सांगता आले नसते. आमच्या लाखांदूरकडच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. भंडाऱ्याला बी.एस्सी. करत होतो, म्हणून घरची कठीण कामे माझ्याकडे येत. धाकटी बहीण शांता फिकी पडू लागली, मार न लागता अंगावर निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. कावीळ समजून आम्ही झाडपाला देत राहिलो. शेवटी नागपूरच्या दवाखान्यात तिच्या हाडातला मगज तपासला. रक्ताचा कर्करोग निघाला, तोही झपाट्याने वाढणारा. डॉक्टरांनी मला सारे समजावले आणि औषध सुरू केले. शांताचे केस गळू लागल्यावर आई विचारू लागली; तिला सांगायचे काम माझे होते.

 मला आमच्या धानाच्या बांधीतला करगा आठवला. हे तण हुबेहूब धानासारखे दिसते, पण दाणा हाती येण्याआधीच झडून जाते.

"माय, हाडाच्या आत रगताची बांधी असते," मी म्हणालो. "तिच्यात करगा माजला. पांढऱ्या पेशी लई झाल्या, पण साऱ्या कच्च्या. लाल रगताले जागा नाही, म्हणून शांता फिकी पडली. रगत थांबवणाऱ्या पेशींले जागा नाही, म्हणून डाग."

"मंग निंदून काढा म्हणा."

"औषध निंदूनच राहिलं. पण संगं थोडं धानही उपटते. केस त्यानंच गेले."

 आई हळूच म्हणाली, "करगा लहानपणी ओळखू येत नाही. आपल्याले बी नाही आला."

एवढे तिला पटले. अडले ते तीर्थावर. गावच्या मातामाय देवीला नवस बोलून तिने देवळाजवळच्या तळ्याचे पाणी बाटलीत आणले होते. जंतूंशी लढणाऱ्या चांगल्या पेशी शांताच्या अंगात उरल्या नव्हत्या. कच्चे पाणी ओठालाही लावू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"देवीचं पाणी कोणाले बाधते?" आईने गाठोडे बांधायला घेतले. "इथं तीर्थ चालत नाही, तं मी पोरीले घरी नेतो."

घरी नेणे म्हणजे काय, ते मला ठाऊक होते. तरी तिच्या देवीशी मला भांडायचे नव्हते. व्हरांड्यात येऊन मी हात जोडले. मागावे काय, तेही कळत नव्हते. "मातामाय, मले काही समजून नाही राहिलं. आता तूच पाह्य," एवढेच म्हणालो.

तिथे भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या एक आजी स्टोव्हवर नातवासाठी पेज शिजवत होत्या. आमचे बोलणे त्यांनी ऐकले असावे. गाठोडे घेऊन बाहेर आलेल्या आईला त्यांनी विचारले, "बाई, तुमची देवी निवद कच्चाच खाते का?"

"नाही जी. शिजवूनच देतो."

"मंग पाणी बी शिजवून देऊ. आणा इकडं."

 आईने गाठोडे खाली ठेवले आणि बाटली पुढे केली. पाणी खळखळून उकळेपर्यंत ती स्टोव्हवरच्या गंजासमोर हात जोडून उभी होती. निवल्यावर शांताला एक चमचा दिला.

"माय, साखर नाही टाकली?" शांता म्हणाली. आई कितीतरी दिवसांनी हसली.

आजींचा नातू लवकरच घरी गेला. पुढे मी जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरांच्या ओळीतून विचारत फिरलो, पण नावच विचारले नव्हते, म्हणून त्या सापडल्या नाहीत. आई म्हणते, ती मातामायच होती. मला तसे म्हणवत नाही, कारण त्या आजी स्टोव्हला पिन मारताना त्याला चांगल्या शिव्या घालत होत्या. पण मी हात जोडले आणि त्या बोलल्या, हेही मला विसरता येत नाही.

शांता सध्या घरी आहे. डॉक्टर बरी झाली म्हणत नाहीत, आजार दबला आहे म्हणतात. करग्याचे बी मातीत राहते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. यंदाच्या रोवणीत ती आखूड केसांवर पदर घेऊन बांधावर बसली होती आणि आम्हाला, ओळ वाकडी झाली म्हणून चिडवत होती. मातामायजवळ मी तिचे आयुष्य मागायला जातो आणि नुसता हात जोडून परत येतो. निंदण्याचे काम आमचे, ते आम्ही करू. पीक मातामायच्या हाती.

आई मात्र तळ्याचे पाणी आता आधी चुलीवर ठेवते, आणि मग देवीपुढे.