मावशीच्या हरभऱ्यातली पाटी

माझ्या मावशीवर अन्याय झाला. संक्रांतीच्या आदल्या रविवारी, सकाळी साडेनऊ वाजता, नगरच्या सावेडीतल्या आमच्या विषमुक्त भाजीबाजारात, भर गिऱ्हाइकांत तिला जुड्या आवरून उठायला लावलं. आरोप एका ओळीचा होता: ही बाई रानात औषध मारते आणि इथं सेंद्रिय म्हणून विकते.

हे पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात रागापेक्षा नवल जास्त आहे, आणि नवलाच्या नादात अन्याय विसरला जायला नको.

बाजार चालवणारे सर निवृत्त प्राध्यापक. माणूस सरळ आहे, नियमाचा आहे. त्यांनी मोबाईल मावशीपुढे धरला. आदल्या संध्याकाळी बाजाराच्या ग्रुपवर दोन फोटो आले होते, एकाच पत्र्याच्या पाटीचे. एका बाजूला हिरव्या अक्षरांत ‘येथे सेंद्रिय शेती केली जाते’. ही पाटी बाजारातर्फेच प्रत्येक शेतकऱ्याला नाव घालून मिळते. दुसऱ्या बाजूला लाल रंगात, वाकड्या अक्षरांत ‘औषद मारले आहे. खाऊ नये.’

“ही पाटी तुमचीच ना, मावशी?”

“व्हय. आमच्या ह्यांनी रंगवली.”

“म्हणजे औषध मारलंय.”

“न्हाई ओ.”

“मग तसं का लिहिलंय?”

“लोकांनी खाऊ न्हाई म्हनून.”

चार लोक हसले. एक बाई मागच्या रविवारी नेलेली मेथी परत घेऊन आल्या होत्या, शिजवलेली, डब्यात घालून. मावशीनं झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, “मीठ कमी पडलंय का बाई?” मग तिनं डहाळ्याच्या, म्हणजे घाट्यांसकट उपटलेल्या ओल्या हरभऱ्याच्या, जुड्या टोपलीत भरल्या आणि एसटी स्टँडकडे निघाली. मी तिथं विषमुक्त अन्नाची पत्रकं वाटत होते, ती टाकून मागे धावले तर म्हणाली, “तू थांब इथं. तुझी पत्रकं वाट.”

या रविवारच्या बाजारावर तिचं काय अवलंबून होतं, ते सांगते. मावशीचं गाव जामखेडच्या अलीकडे, सगळं कोरडवाहू. लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर ती आणि काका ऊसतोडीला जात आलेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, असाच तिकडे हिशेब असतो. यंदा पहिल्यांदा तो कोयता आढ्याला अडकवलेला राहिला, कारण मूग, बाजरी, मेथी आणि आता डहाळा, असं काही ना काही घेऊन ती दर रविवारी सावेडीत बसत होती. बाजार बंद म्हणजे पुन्हा ऊसतोडीवरची कोपी, पाचटाची झोपडी. ती एसटीत असतानाच मुकादमाचा फोन आला, एक जोडी अर्ध्यातून निघून गेलीय, येता का म्हणून.

आणि औषधाचं म्हणाल तर मावशीच्या घरात फवारणीचा पंपच नाही. मी शाळेत असताना सुट्टीला तिच्याकडे गेले होते. ती दुसऱ्याच्या कपाशीत फवारायला गेली आणि दुपारी तिला टेम्पोत घालून आणली. डोळे उघडे होते, पण समोर बसलेली माझी आई तिला ओळखू येत नव्हती. ती त्यातून उठली. पंप तिनं त्यानंतर पाठीला लावला नाही. माझी सगळी पत्रकं त्या दुपारपासून सुरू होतात.

तरीही पाटी डोक्यातून जाईना. दुसऱ्याला ‘विचारा, विचारा’ म्हणून सांगणाऱ्यानं स्वतःच्या मावशीलाही विचारलं पाहिजे. मंगळवारी स्कूटी काढली आणि जामखेडचा रस्ता धरला.

एरवी मी या रस्त्यानं खड्डे बघत जाते. त्या दिवशी पाट्या बघत गेले, आणि एकदा बघायला लागल्यावर त्या संपेचनात. खोक्याच्या पुठ्ठ्यावर, खताच्या गोणीवर, फुटक्या टबाच्या बुडावर. ‘विषारी फवारणी केली आहे.’ ‘औषध मारले आहे, खाल्ल्यास मालक जबाबदार नाही.’ एका ठिकाणी नुसती कवटी, आणि तिला कुणीतरी मिशा काढलेल्या.

पहिल्या हरभऱ्यापाशी एक तरुण बांधावर मोबाईल बघत बसला होता.

“दादा, कोणतं औषध मारलंय?”

“तुमी कुठल्या? कृषी खात्याच्या?”

“नाही.”

“मंग न्हाई मारलं.”

पुढे एका पेरूच्या बागेत मालकीणबाई मला बघूनच ओरडल्या, “मारलंय, मारलंय, हात लावू नका!” मी सांगितलं की मला पेरू नको, माहिती पाहिजे. तेव्हा त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “शाळा सुटायची वेळ झालीय, म्हनून म्हनलं.” वर एक पेरू हातावर ठेवला.

तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारबाबा होते. त्यांच्या हरभऱ्यात मोठी पाटी होती. मी विचारलं, तर म्हणाले, “सुनंला विचार, तिनं लिव्हलंय. मारलं काय न्हाई.” मग काठीनं ओढ्यापलीकडे दाखवलं. “ती वांगी दिसत्यात का? तिथं परवाच मारलं.”

“तिथं पाटी नाही, बाबा.”

“तिथं कशाला लावायची? उद्या तोडा हाय. व्यापारी यायचाय.”

मी स्कूटी बाजूला घेऊन बसले. आमच्या पत्रकात असतं, फवारलेलं ओळखून टाळा. कसं ओळखणार? ‘मारलंय’ लिहिलंय तिथं मारलेलं नाही. मारलंय तिथं काही लिहिलेलंच नाही. बाबांना मी म्हटलं, मग खायचं तरी काय? ते म्हणाले, “पाटी बघून खा. पाटी न्हाई ते खाऊ नगंस.” ते मजेत म्हणाले, पण आमच्या पत्रकातल्या ओळीपेक्षा ते जास्त उपयोगी होतं.

संध्याकाळी मावशीच्या रानात पोचले. रस्ता, रस्त्याकडेची चारी म्हणजे पाण्याचा चर, चारीपलीकडे बांध आणि मग हरभरा. पाटी बांधाच्या आत, गुडघाभर उंचीच्या खुंट्यावर. मावशी अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला रोवलेली काठी सरळ करत होती. मी बसायच्या आधीच विचारलं, “मावशे, खरं सांग. मारलंस का?”

“तूबी त्यांच्यातलीच झालीस व्हय?” ती म्हणाली, पण रागावली नाही. “पाटी लावायला तूच म्हनलीस. आधी हिरवी बाजूच रस्त्याकडं हुती. वर खांबाला टांगली हुती, लांबून दिसावी म्हनून. मंग काय झालं ठावं हाय? गाड्या थांबाय लागल्या. आधी कुनी थांबत न्हवतं. सेंद्रिय वाचून थांबाय लागले. एक बाई तर मला म्हनती, केमिकल न्हाई ना मावशी? मी म्हनलं न्हाई. म्हनली, मग बरं, आन पोरांना हाक मारली. पिशवी भरून डहाळा नेला. घेऊ का म्हनली असती तर मी न्हाई म्हनलं असतं का? इचारलंच न्हाई.”

“मग पाटी उलटी फिरवली?”

“काकानं रंगवली. दुसऱ्या दिवसापास्नं कुनी उतरलं न्हाई. तुज्या सेंद्रियपेक्षा आमचं औषद गुनाचं.”

काका गोठ्यातून म्हणाले, “अक्षर चांगलं काढलं की न्हाई?”

माझा प्रश्न मात्र तसाच होता, आणि तिला ते कळलं. अंधार पडायच्या आत तिनं घरातून काकांच्या जुन्या धोतराचं पांढरं धुतलेलं फडकं आणलं आणि हरभऱ्यावर पसरलं. हरभऱ्याच्या पानांवर आंबट खार असतो. थंडीत दव पडलं की तो खार त्यात उतरतो आणि फडक्यात मुरतो. त्याला आंब म्हणतात. जुनी माणसं ती बाटलीत भरून ठेवतात आणि पोट दुखलं की थोडी देतात. गुण येतो का ते वैद्य जाणोत. मी नुसतं ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

पहाटे गेलो तेव्हा फडकं जड झालं होतं. मावशीनं ते चिनी मातीच्या बरणीवर पिळलं. धातूच्या भांड्यात धरत नाहीत म्हणे, भांडं खराब होतं. पिवळसर पाणी निघालं. पानाला जे जे लागलंय ते सगळं त्यात येणार, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. तिनं बोट बुडवून चाटलं, मग पळीत घेऊन प्यायली आणि दुसरी पळी माझ्यापुढे केली.

“आता तू पी. मारलं आसंल तर दोघी संगं जाऊ.”

मी प्यायले. दात आंबले, कानशिलापर्यंत कळ गेली. मावशी हसली. आम्ही तिथंच उकिडव्या बसलो होतो आणि मी त्या दोन फोटोंकडे परत बघत होते, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पाटी आता खाली, बांधाच्या आत होती. रस्त्यावरून लाल अक्षर दिसतं, पण एवढ्या जवळून फोटो काढायचा तर चारी ओलांडून आत यावं लागतं. आणि मागची हिरवी बाजू टिपायला तर हरभऱ्यातच उभं राहावं लागतं. मी फोटो मोठा केला. खालच्या कोपऱ्यात एक मूठ होती. मुठीत मुळासकट उपटलेला डहाळा, मुळांना ओली माती.

नगरला आल्यावर आंबेची बाटली आणि फोटो घेऊन सरांकडे गेले. बाटली त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “भावना समजतो. पण हा पुरावा नाही. शिवाय मावशींनी खोटी पाटी लावली, हे तर खरं ना? जो तिथं खोटं लिहितो, तो इथंही लिहील, असं गिऱ्हाईक म्हणालं तर मी काय सांगू?”

मी फोटोचा कोपरा दाखवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“म्हणजे फोटो काढताना...”

“एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात आमचा हरभरा.”

फोटो काढणाऱ्या ताई बाजाराच्या जुन्या गिऱ्हाईक. सरांनी त्यांना बोलावून घेतलं. आधी त्या म्हणाल्या, नमुना म्हणून घेतला होता. सरांनी शांतपणे विचारलं, “मग नमुना कुठंय?” तेव्हा त्यांनी सांगितलं की गाडीतून डहाळा दिसला, म्हणून त्या उतरल्या. दोन-तीन रोपं उपटून मुलाला दिली, त्यानं तिथंच सोलून खाल्ली. आणखी उपटताना पाटी वाचली. त्यानंतर दिवस मावळेपर्यंत त्या पोराच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.

“तुम्हाला गंमत वाटते,” त्या मला म्हणाल्या. “मी बाजारात येते तेच मुलाला स्वच्छ खायला मिळावं म्हणून.”

मला गंमत वाटली नाही. त्यांची भीती खरी होती, आणि ती आमच्या लाल अक्षरांमुळेच होती. पण ज्या रानात पाटी नव्हती, त्यातली वांगी त्याच आठवड्यात कुणाच्या तरी पोरानं खाल्ली असणार. त्याच्या आईला भीतीसुद्धा वाटली नसेल. आणि जो हरभरा त्यांनी उपटला, तो विकता यावा म्हणून मावशी कोयता टांगून घरी थांबली होती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी त्या मावशीजवळ आल्या, आठवडाभराची मेथी घेतली आणि म्हणाल्या, “चुकलं माझं.” मावशी म्हणाली, “पोरगं बरं हाय ना?”

हो, मावशी परत बसली. सरांची अट एकच होती, खोटी पाटी काढायची आणि हिरवी बाजू रस्त्याकडे करायची. मावशीनं अट पाळली. काकांनी लाल अक्षरं घासून काढली. ती फक्त एवढंच म्हणाली, “काढते. पर रान राखायला बाजारातलं कोन येनार?” सरांनी वहीत तिचं नाव पुन्हा लिहून घेतलं.

परवा गेले होते. रस्त्याकडेच्या हरभऱ्याच्या ओळी उपटून मोकळ्या झाल्या आहेत, बांधावर सोललेल्या घाट्यांची टरफलं. कोयता अजून आढ्यालाच आहे, पण मावशीनं तो पुसून ठेवलाय, आणि मुकादमाचा फोन वाजला की ती आधी हरभऱ्याकडे बघते, मग फोनकडे.

तुम्ही स्वच्छ खाण्यासाठी धडपडता, मीही धडपडते, म्हणून तुम्हालाच सांगते. जामखेडच्या रस्त्यानं जाताना हिरवी पाटी दिसली तर जरूर थांबा. पण चारी ओलांडू नका. बांधाबाहेरून हाक मारा, “मावशी, घेऊ का?” आणि ती हो म्हणेपर्यंत हात खिशात ठेवा.