पूर्णेला राहिलेला निरोप

धर्म म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर पूर्वी मी सासूबाईंकडे बोट दाखवलं असतं. आमचं घर शिवभक्तांचं. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पुजल्याशिवाय त्या पाण्याचा थेंबही घेत नसत. मला त्याचा अभिमान होता आणि, खरं सांगते, कधीकधी वैतागही यायचा.

त्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी त्या पार गळून गेल्या. सेलूच्या डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं. वाटेत मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहा, नाहीतर जिवावर बेतेल, असं बजावलं. आमची गाडी पूर्णेपर्यंतच होती. फलाटावर उतरून मी बाटली पुढे केली, तर त्यांचा हात गळ्याशी गेला. दोरा तुटला होता, डबी नव्हती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी विनवलं, चिडले, शेवटी रडले. लिंग नाही तर पाणी नाही, एवढंच त्या मानेनं सांगत होत्या. मनात आलं, महादेवा, तुझ्यापायी ही बाई माझ्या मांडीवर जाणार.

शेजारच्या बाकावरून एक मुसलमान बाई उठली आणि त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

"अम्मा, माझा रोजा हाय. पर आजारी माणसाला आमच्यात रोजा माफ असतो. तुमचा देव काय इतका कडक हाय व्हय?"

सासूबाई तिच्या सुकलेल्या ओठांकडे बघत राहिल्या. मग तिच्याच हातून पाणी प्यायल्या.

तेवढ्यात नांदेडची गाडी आली. डबी सापडली की स्टेशनमास्तरांकडे ठेवते, तुम्ही निघा, असं म्हणून ती भर उन्हात बाकांखाली वाकून शोधायला लागली. आमची गाडी सुटली तेव्हाही ती वाकलेलीच होती. घाईत मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

दवाखान्यात लुगडं बदलताना निऱ्यांतून डबी खाली पडली. देव सगळा वेळ त्यांच्या अंगावरच होता. सासूबाईंनी ती कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "त्या लेकीला आता कसं सांगावं?"

सासूबाई बऱ्या झाल्यावर परतताना आम्ही पूर्णेला चौकशी केली. एक बाई डबी सापडली का म्हणून पुन्हा येऊन विचारून गेली, एवढंच कळलं. धर्म आपल्या उंबऱ्यापुरता नसतो हे मला तिच्यामुळे समजलं, आणि तिलाच सांगायचं राहून गेलं. त्याची रुखरुख अजून जात नाही.

सासूबाई आता नाहीत. शेवटपर्यंत पूजा झाली की त्या लिंगाला म्हणत, "तिला कळव बाबा, सापडलं म्हणून." आता माझ्या तळहातावरच्या लिंगाला मी तेच सांगते. निरोप पोचवणं त्याच्या हाती सोपवलंय.