मंडपवाल्याची साइट

औशाच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारी एका मंडपवाल्याचं. लग्नसराई ओसरली की तो दुपारभर मोबाइलवर आपल्या मंडपांची वेबसाइट बनवत बसतो. इंग्रजी येत नाही, म्हणून बटणं रंगावर ओळखतो. फोटो मनासारखे लागले की शेवटी लाल बटण दाबतो. "शुभकामाला लालच पायजे," म्हणतो. लगेच पान कोरं होतं. "नेटच बेकार हाय, भाऊ," म्हणत तो घाम पुसतो आणि पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू करतो.

परवा मला तो साइट बनवतो त्या पानावर मराठीचा पर्याय दिसला. मी भाषा बदलून दिली. लाल बटणावरची अक्षरं त्याने सावकाश वाचली : 'सगळं काढून टाका'. शेजारच्या हिरव्यावर होतं, 'लोकांना दाखवा'.

"म्हंजे मीच पुसायलो व्हतो," एवढंच बोलून त्याने मोबाइल उपडा ठेवला.

तेवढ्यात समोरून चहावाला ओरडला, "काय मालक, झाली का न्हाई साइट?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "कशाची होतीय! नेट लई बेकार हाय."

"लई बेकार," मी म्हणालो.