आबांनी पास केलेला साबण

खोक्यात ओतलेला घरचा साबण माझ्या डोळ्यांदेखत फुगत होता, मधोमध लांब चीर पडली होती, चिरेतनं तपकिरी तेल वर येत होतं, जळक्या मधाचा वास सुटला होता, तीन वाजून गेले होते, नवऱ्याची कंपनीची बस पावणेचारला कुरुळीच्या फाट्यावर येते, आणि आमचे घरमालक आबा दारात उभे राहून विचारत होते, "हात लावलास का?"

मी म्हटलं, "आबा, तो फुटतोय."

"दिसतंय. हात लावलास का?"

नव्हता लावला. घाबरलेलं माणूस हात कुठं लावतं. आबा आत आले, पण साबणाकडं नाही गेले. आधी विचारलं, "पोर कुठाय?" माझी आठ महिन्यांची मुलगी कोपऱ्यात टॉवेलवर झोपली होती. टॉवेलवर, कारण तिची गोधडी साबणावर होती. आबांनी हाक मारून आजीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, बोलावलं, मुलगी आजीकडं दिली, आणि मग खोक्याला बाहेरून उलटा हात लावला.

सरळ तळवा आबा कशालाच लावायचे नाहीत. गावातल्या जुन्या घरातला माणूस, जमीन गेली तसे कंपनीत लागले. निम्मी नोकरी लोखंडाच्या भट्टीवर आणि निम्मी माल तपासायला. भट्टीनं तळव्याची कातडी मेली होती. "तळवा खोटं बोलतो," म्हणायचे. चहाचा कप, मुलीचं कपाळ, नवीन भाडेकरूच्या मोटरसायकलचं इंजिन, सगळ्याला उलटा हात, डोळे मिटून, आणि मग एकच शब्द. पास, नाहीतर फेल.

आणि शर्टाच्या खिशात लाल मार्कर. तुमच्याकडं कंपनीतलं कोणी असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, चीर गेलेल्या मालावर लाल फुली मारतात. माझा नवरा सांगायचा, केसाएवढ्या चिरेसाठी आबांनी भरलेली ट्रॉली परत पाठवली होती, साहेब विनवण्या करत मागं मागं फिरत होता. आबा म्हणाले होते, "बारकी चीर असं काय नसतंय. चीर म्हंजे चीर." रिटायर झाले तरी खिशातला मार्कर गेला नाही. माझ्या बादलीवर फुली होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. आजीच्या दोन कपांवर होती. आजी म्हणायची, "माझ्यावर तेवढी मारायची ऱ्हायलीय." आबा म्हणायचे, "तू कुठं चिरलीस अजून."

आता तुम्ही म्हणाल, साबण फुटला तर फुटला, त्यात एवढं काय. तर नवऱ्यानं आधीच सांगितलं होतं. एक खोली, वर पत्रा, घरात रांगतं पोर आणि त्यात साबणाला लागणारा, कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा. "एकदा जरी उतू गेलं, फुटलं, तर सगळं सामान गटारात. मग रडायचं नाही." मी हो म्हटलं होतं. त्याचं चूक नव्हतं, कॉस्टिकची भीती त्याच्यापेक्षा मलाच जास्त वाटायची. पण नववीत शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी करता येत होतं. तीन वेळा चांगला झाला होता साबण, आणि चौथ्याला मी शहाणपणा केला, पाण्याऐवजी दूध घातलं, वर मध घातला, आणि मोबाइलवर ज्या व्हिडिओतनं शिकले त्यातली बाई म्हणाली झाकून उबेत ठेवा म्हणून गोधडी दुहेरी करून गुंडाळली, दह्याला गुंडाळतो तशी. एप्रिल महिना होता. त्या बाईच्या मागं खिडकीत बर्फ दिसत होता, ते मी नंतर बघितलं.

"गोधडी काढ," आबा म्हणाले. "ताप आल्याला माणूस आणि तू त्याला शेगडीशेजारी निजवलंस. वरचं गार होऊन घट्ट झालं, आतलं अजून पेटलंय. आतलं फुगणार, वरचं फाटणार. लोखंडाचं बी असंच हाय."

त्यांनी बाहेर सावलीत दोन विटा मांडल्या, खालून वारा लागावा म्हणून खोकं त्यावर ठेवलं, आजीचा टेबलफॅन आणला. दर पाच मिनिटांनी उलटा हात. मी नुसती रस्त्याकडं बघत होते. मग म्हणाले, "आता निवतोय. हातमोजे घाल, चीर दाबून मिटव. हळू. पोराच्या गालाला लावतीस तसा हात लाव." मी रबरी मोजे घालून दाबली. बरीच मिटली. सगळी नाही मिटली.

नवरा आला तेव्हा मी अजून मोज्यातच होते.

त्यानं खोक्याकडं बघितलं, विटांकडं बघितलं, फॅनकडं बघितलं. आबांना म्हणाला, "फुटला ना आबा? खरं सांगा. तुम्ही फुटलेलं सोडत नाही."

आबांनी हात लावला. डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मला वाटलं डुलकी लागली. मग खिशातला मार्कर काढला, त्याचं टोपण बघितलं, आणि परत खिशात ठेवला.

"दुधाचा हाय. दुधाच्याला रेघ यायचीच. पास."

नवरा हात धुवायला गेला. एवढंच.

तो आत गेल्यावर आबा खालच्या आवाजात म्हणाले, "फुडच्या येळेला दुधाचा बर्फ करून घाल. मध चमचाभर. तेल आणि कॉस्टिकचं पाणी, दोन्ही भांड्यांना बाहेरनं हात लाव, कोमट लागली तरच एकत्र. आणि पोराला आजीकडं दिल्याबिगर कॉस्टिकचा डबा उघडायचा न्हाई. उघडलास तर मीच येऊन गटारात टाकीन." मग वड्या पाडल्यावर एक वडी मागून नेली, सगळ्यात जास्त चिरलेली. "सहा आठवडे वाळू दे, मग मी लावीन आंघोळीला."

त्यानंतर माझा साबण फुटला नाही. दोन्ही भांड्यांना उलटा हात लावते. आमच्या खोल्यांच्या लाइनीतल्या बायका हसतात. मुलगी आता चालते, तीही दिसेल त्याला उलटा हात लावते. साबण नेणाऱ्यांना नवराच सांगतो, आबांनी पास केलेला आहे, त्यांनी आयुष्यात फुटलेलं काही पास केलं नाही.

आबा श्रावणात गेले. चार दिवस ताप, मग चाकणचा दवाखाना, मग घरी आणलं ते तसंच.

परवा आजीनं मला त्यांची कंपनीची पिशवी रिकामी करायला बोलावलं. त्यात डबा होता, फाटके हातमोजे होते, वाळून गेलेला मार्कर होता, आणि पेपरात गुंडाळलेली एक वडी होती. माझी. दूध आणि मध. एकदाही पाणी लागलं नव्हतं. मी उलटी करून बघितली. खाली लाल फुली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट ओढलेली.

आजी म्हणाली, "टाकून देऊ?"

मी वडी पदरात धरून घरी आले. नवरा दारातच बसला होता, मुलीला मांडीवर घेऊन. म्हणाला, "काय आणलंस आबांचं?"

तुम्ही असता तर दाखवली असती का?