कढईसमोरचा पाव्हणा

कुंडलच्या केरबाला लढाईत गोळी लागली नाही आणि जुलाबही लागले नाहीत. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा त्याला जास्त अभिमान होता.

पलटण इजिप्तमध्ये असताना सुट्टीच्या दिवशी मंडळी कैरोच्या बाजारात शिरायची. त्याचा सोबती, मिरजेचा नाथाजी, याने पहिल्याच फेरीत चिरून ठेवलेलं, वर कालव्याचं पाणी शिंपडलेलं कलिंगड हाणलं आणि त्याची रवानगी थेट इस्पितळात झाली. केरबा भेटायला गेला तर नाथाजी कण्हत म्हणतो, "पर गोड लय हुतं रं!"

तेव्हापासून केरबाने स्वतःपुरता कायदा केला. डोळ्यांदेखत कढईतून निघेल तेच खायचं. फळ असलं तर आपल्या हाताने सोलायचं. वड्यांच्या गाडीपाशी तो ठाण मांडून उभा राही. गाडीवाला थाळीतला गार ढीग दाखवी, केरबा मान हलवून उकळतं तेल दाखवी. तो त्याच्या भाषेत शिव्या घाली, हा कुंडलच्या भाषेत परत करी, आणि शेवटी कोथिंबिरीने हिरवेगार झालेले वडे चटके देत हातावर पडत.

शेहेचाळीस साली केरबा घरी आला तो कायदा बरोबर घेऊनच. इथेच घोटाळा झाला. मुलगी बघायला जावं तर पुढ्यात येणारे पोहे सकाळीच करून ठेवलेले. हा बशीला हात लावीना. 'पोराला मिजास लय,' म्हणून दोन स्थळं फिरली.

तिसऱ्या स्थळासाठी ताकारीला निघाल्यावर आईने, शालूबाईंनी, बैलगाडीतच दम भरला. "ह्या बारीला पुढ्यात येईल ते गिळायचं. न्हाईतर तुझं लगीन त्या कैरोच्या कढईसंगंच लावते."

"आये, कढई गरम तरी असती."

"केरबा!"

"खातो गं."

अंजना पोह्यांच्या बशा घेऊन आली. मान खाली घालायची सोडून तिने सरळ त्याच्याकडे बघितलं, आणि केरबाच्या मनाने तिथल्या तिथे ठरवलं, करायची तर हीच. मग त्याने बशीकडे बघितलं. खोबऱ्यावर माशी बसली होती. तिला कसली घाई नव्हती.

त्याने हळूच बशी शेजारी बसलेल्या मामाकडे, आप्पासोंकडे सरकवली. आप्पासोंनी आपली संपवून तीही ओढली.

"पाव्हणं," दाराआडून अंजनाचा आवाज आला, "लगीन तुमचं हाय का मामांचं?"

ओसरीवरच्या सगळ्यांच्या नजरा केरबाकडे वळल्या. केरबाला खरं सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्याने कलिंगडापासून कढईपर्यंत सगळं सांगितलं. मुलीचे वडील मानसिंगराव लालबुंद झाले. "म्हंजे आमच्या घरचं खाऊन मानूस इस्पितळात जातंय व्हय?"

शालूबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"आबा, थांबा जरा," अंजना म्हणाली. "चुलीम्होरं बसवा त्यास्नी. गरम देते."

नवरामुलगा आणि पोरीकडच्या चुलीपुढे! कुणी नको म्हणेस्तोवर केरबा पाटावर जाऊन बसलासुद्धा.

तेल तापलं, कांद्याची भजी पडली. केरबाने कैरोतल्यासारखंच वाकून फेस बघितला आणि मान डोलावली.

"झाली तपासणी?" भजी ताटलीत काढत अंजनाने विचारलं. त्याने हात पुढे केला. तिने ताटली मागे घेतली.

"हात?"

"काय हात?"

"आल्यावर हातपाय धुतलं. मग बैलांस्नी वैरण टाकायला कोन उठलं? त्येंच्या पाठीवर थापा कुणी मारल्या? तवापास्नं पाण्याला शिवला न्हाई तुमी."

केरबाने तळहात उलटसुलट करून बघितले. वैरणीची एक काडी अजून चिकटलेली होती. दारात जमलेल्या बाया फिदीफिदी हसल्या.

"आन कैरोत हात धूत हुता का?" अंजनाने विचारलं.

"तिथं कुणी... इचारलं न्हाई."

तो मुकाट्याने मोरीत गेला. ती तांब्याने पाणी घालत राहिली, तो राख लावून चोळत राहिला.

"अंगठा ऱ्हायला."

त्याने अंगठा चोळला. मग पाटावर येऊन पहिलंच भजं तोंडात टाकलं. टाळू पोळली, डोळ्यांत पाणी आलं, पण पठ्ठ्या हूं की चूं करीना.

"आबा," अंजनाने आतूनच हाक दिली, "माजी ना न्हाई. मानूस सांगितलं तर ऐकतंय."

मानसिंगरावांना हसू आवरेना. बाहेर आप्पासो तिसऱ्या बशीला हात घालत होते. शालूबाईंनी ती झटक्यात उचलली.

"दादा, आदी मोरीत जाऊन या!"