मेजरच्या कानातली शिट्टी

उंब्रजात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणायची रीत आहे. गडी शिपाई म्हणून परतला की सुभेदार म्हणून, याची चौकशी कुणी करत नाही. जोतिबा तोफखान्यात हवालदार होता. पेन्शन घेऊन एसटीतून उतरला आणि त्याच क्षणी मेजर झाला. सरकारला इतक्या वर्षांत जी बढती जमली नाही, ती गावाने स्टँडवरच देऊन टाकली.

मेजर गावात आला खरा, पण घरात काही राहिला नाही. पायाला भिंगरी बांधल्यासारखा चहा पिऊन जो बाहेर पडायचा, तो जेवायलाच उगवायचा. पंपाचे स्टार्टर दुरुस्त करायचं काम त्याने धरलं होतं. ते दुपारपर्यंत आटपायचं, तरी स्वारी हायवेच्या कडेला टायरवाल्याच्या बाकड्यावर ट्रक मोजत बसलेली. घरी आला की पंखा पाचवर, टीव्ही चालू आणि वर मोबाइलवर तिसरंच काहीतरी. अंजनाने सगळं बंद केलं की हा चपला शोधायला लागायचा.

अंजना त्याची बायको, मेढ्याची. लग्न झाल्यापासून नवरा तिला सुट्टीपुरताच मिळाला होता. आता तरी चार घास सोबत खाऊ, संध्याकाळी ओट्यावर बसून दोन गोष्टी बोलू, एवढीच तिची अपेक्षा होती. ती काही चंद्र मागत नव्हती. पण ओट्यावर शांतता झाली की हा बूड टेकवत नसे.

"मी समोर आले की तुमाला घर खाया उठतंय," ती म्हणायची. "सरळ सांगा की, नको झाले म्हणून."

खरं कारण जोतिबाने सांगून झालं होतं. वाळवंटातल्या एका सरावात वाकताना कानातला बोळा निसटला, आणि तो उचलायच्या आत तोफ डागली गेली. तेव्हापासून डोक्यात एक बारीक, टोकदार शिट्टी वाजत होती. शिट्टीच्या खाली खरखर, आणि ते सगळं सावकाश वरखाली हेलकावणारं. गोंगाटात ती बुडायची. शांततेत वर यायची. म्हणून लोक जिथे विसाव्याला बसतात, तिथून जोतिबा पळत सुटायचा.

अंजनाने आधी त्याच्या कानात बॅटरी मारून बघितलं. मग लसूण कढवलेलं तेल घातलं. शेवटी आपला कान त्याच्या कानाला लावून श्वास रोखून ऐकलं. काहीच नाही. कऱ्हाडच्या डॉक्टरने कानात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "पडदा ठीक आहे. सवय करून घ्या." त्यातला 'ठीक' एवढाच शब्द अंजनाच्या मनात रुतून बसला. कान ठीक, तर मग बिघडलंय ते माणूसच. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण ज्याचं जळतं त्याचा धूरच दिसत नसेल तर शेजारच्याने तरी काय करावं?

मग एकदा स्टार्टरचं सामान आणायला तो सांगलीला गेला. तिथे विश्वजीत नावाचा एक तरुण ऑर्केस्ट्रावाल्यांचे अँप्लिफायर बनवतो. हौस म्हणून तो घरच्या घरी सिंथेसायझर जुळवायचा. छोटी छोटी सर्किटं, कुठलं आवाज काढणारं, कुठलं तो आवाज गाळणारं, कुठलं हलवणारं. वायरींनी ती एकमेकांना जोडायची आणि नॉब फिरवत नुसत्या विजेतून सूर काढायचा. ऑर्केस्ट्राच्या मोठ्या स्पीकरवर विश्वजीतने सहज एक नॉब वर नेला आणि जोतिबाचा चहाचा कप ओठाजवळ थांबला.

"ह्येच! ह्येच वाजतंय माझ्या डोस्क्यात!" तो ओरडला.

इतक्या वर्षांत ती शिट्टी पहिल्यांदा डोक्याबाहेर भेटली होती. जोतिबाचे डोळे भरून आले. ही घरी न्यायची, अंजनाला ऐकवायची, आणि मग ती काय म्हणेल ते म्हणू दे.

मोबाइलवरची त्यातल्या त्यात जवळची एक शिट्टी त्याने तिला पूर्वी ऐकवली होती. "ही मोबाइलची झाली. तुमच्या कानातली अशीच हाय कशावरनं?" असं म्हणून तिने तो विषय निकालात काढला होता. आता तिच्याच हाताने नॉब फिरले पाहिजेत, तिनेच ती शिट्टी शोधून काढली पाहिजे, असं त्याने ठरवलं. पण विश्वजीतची सर्किटं उघडीवाघडी, वायरींचा गुंता. त्याला हात लावायला अंजना काय, वायरमनही दहा वेळा विचार करेल.

"सर्किट मी देतो मेजर," विश्वजीत म्हणाला, "त्येला तोंड तुमी करा. पॅनेल पाडायचा मला लय कंटाळा हाय."

पॅनेल म्हणजे पुढचा अॅल्युमिनियमचा पत्रा. त्यालाच नॉब आणि वायरींची भोकं. जोतिबाने पहिलं पॅनेल एका सकाळीत पाडलं आणि मोटारसायकलवरून सांगलीला नेऊन दाखवलं. विश्वजीतने ते हातात घेतलं आणि हसू दाबलं. स्टार्टरच्या खोक्यांची सवय झालेल्या माणसाने भोकं अगदी खेटून पाडली होती. स्टार्टरला एक बोट लावून बटण दाबलं की भागतं. इथे नॉबभोवती तीन बोटं फिरायला हवीत.

घरी आल्यावर त्याने ताटात नॉबऐवजी सोडावॉटरच्या बाटल्यांची टोपणं मांडली आणि अंजनापुढे ठेवली. "ही जरा फिरव बरं."

"ह्ये काय आनि नवं?"

"फिरव गं. बोटं अडकत्यात का सांग."

तिने फिरवली, पण कपाळाला हात लावून. "शुक्रवारी मी दादाकडं मेढ्याला चाललीया," ती म्हणाली. "परत कवा येईन ते मला इचारू नका."

टोपणांच्या जागा जोतिबाने तशाच कागदावर उतरवल्या आणि तो कागद पत्र्यावर चिकटवला. आता घाई करून चालणार नव्हतं, आणि घाईशिवाय तर त्याला राहवत नव्हतं. एका भोकाला आधी पंच मारून ड्रिलच्या टोकासाठी खळगा करायचाच विसरला. ड्रिल गुळगुळीत पत्र्यावरून घसरलं आणि मध्यभागी चरा ओढून गेलं. स्वतःला शिव्या घालत त्याने नवा पत्रा कापला. या वेळी काटकोनाचा गुण्या लावून रेघा मारल्या, प्रत्येक खुणेवर पंच ठोकला, आधी बारीक भोक, मग मोठं, मग कडेला राहिलेली धार कानशीने घासली. ड्रिल गरगरत होतं तोवर शिट्टी गप्प होती. भोक पूर्ण झालं तरी तो क्षणभर ड्रिल चालूच ठेवायचा, तेवढाच सुटकेचा श्वास. मग बटण सोडलं की ती परत हजर, उधारी वसूल करायला आल्यासारखी. नॉबखाली त्याने रंगाने नावं लिहिली: शिट्टी, खरखर, हेलकावा, आवाज.

गुरुवारी दुपारी यंत्र तयार झालं. अंजना शेजारच्या रंगुबाईबरोबर गिरणीत गेली होती, गल्ली मोकळी होती. जोतिबाने एकट्यानेच सूर लावला. बाहेरची शिट्टी आतल्या शिट्टीला मिळाली. मग आवाज वाढवत नेला, दोन्ही सारख्या वाटल्या तिथे थांबला आणि पत्र्यावर पंचाने ठिपका ठोकला. हा आपला आवाज. त्याने नॉब मागे आणला आणि अंजना परतून पिशवी भरायला लागली तशी तिला हाक मारली.

"ह्यो नॉब त्या ठिपक्यापत्तुर ने."

तिने नेला. स्पीकरमधून अशी काही किंकाळी फुटली की रंगुबाईच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली आणि गल्लीतली कुत्री एकदम सुरू झाली. "आरं कोन मेलं रं?" रंगुबाई भिंतीपलीकडून ओरडली. अंजनाने नॉब झटक्यात मागे आणला. तिचं तोंड लालभडक झालं होतं.

"एवढं तुमच्या कानात असतं तर तुमी हुबं ऱ्हायला असता व्हय? खोटं बोलायची बी एक रीत असती!" ती म्हणाली आणि पिशवीकडे वळली.

जोतिबाचा शेवटचा डाव होता, तोही उलटला. "एवढं म्हंजी केवढं?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "मला तर बारीकच येत हुतं."

अंजना दारात थांबली. "बारीक?"

"डास गुणगुणल्यागत."

ती माघारी आली. तिने नॉब थोडा वर नेला. "येतंय?"

"न्हाई. चालू कर की."

चालूच होतं. तिला स्वच्छ ऐकू येत होतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात त्याच्या कानाशी नेला आणि मनगट हलवलं. "बांगड्या?"

जोतिबाने मान हलवली. "हात हालतोय त्यो दिसतोय."

अंजनाने हात खाली घेतला. कान ठीक नव्हते. जो आवाज आत कायम वाजत होता, तोच बाहेरून यायचा रस्ता जळून गेला होता. म्हणून त्याने नॉब एवढा वर नेला होता आणि मापाचा ठिपका चुकला होता.

"मग खरं किती, ते कसं कळायचं?" तिने विचारलं. आता ती भांडत नव्हती, शोधत होती.

जोतिबाने विचार केला. "पंख्याचा घरघराट मला नीट येतोय. पंखा दोनवर असला की शिट्टी बुडती. एकवर आला की जरा वर डोकावती."

तिने पंखा एकवर लावला आणि नॉब केसभर केसभर फिरवत राहिली. घरघरीच्या वर शिट्टी जराशी डोकावली तिथे तिने हात काढला. मग पंखा बंद केला.

खोली शांत झाली, म्हणजे जोतिबाला तसं वाटलं. आतली शिट्टी वर आली, पण यंत्रातली त्याला ऐकू येत नव्हती. अंजना खरंच ऐकतेय, हे त्याने तिच्या तोंडाकडे बघून मानायचं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. आधी तिने कान टवकारले. मग मान इकडून तिकडे केली. मग पदर कानावर धरून बघितला आणि सोडला. बराच वेळ गेला. तिच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"जेवताना बी?" तिने विचारलं.

"व्हय."

"निजताना?"

"तवा तर लय."

"आन् आत्ता, ह्या घडीला?"

"आत्ता बी."

तिचा चेहरा बघवेना तेव्हा त्याने नॉबकडे हात नेला. "बंद करतो."

अंजनाने त्याचं मनगट धरलं. "तुमचं हुतंय का बंद?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या."

शिट्टी चालू राहिली. जोतिबाकडे तिला सांगण्यासारखं किती वर्षांचं साठलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आता लागत नव्हतं. तो तिच्याशेजारी खाली बसला. अंजनाने गुडघ्यात डोकं घातलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

"मी तर येडी झाले असते वो," ती म्हणाली.