अण्णाचं साहित्य

माझ्या आतेभावाइतका, म्हणजे अण्णाइतका, सभ्य माणूस अख्ख्या बेंगळुरात नसेल, आणि त्याच्याइतके असभ्य प्रश्नही दुसऱ्या कुणी विचारले नसतील. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचं लैंगिक आरोग्य हा अण्णाचा वीस वर्षांचा अभ्यास. असं काही विचारण्याआधी समोरच्याची संमती घ्यावी लागते. ती सवय त्याच्या अंगात इतकी मुरली आहे की, जेवतानासुद्धा तो आत्याला म्हणतो, "आई, एक प्रश्न विचारू? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. तुझं नाव कुठंही येणार नाही. मीठ कुठाय?"

चामराजपेटच्या त्यांच्या घरात निरोधची खोकी छतापर्यंत रचलेली असतात. फोनवर अण्णा त्यांना 'साहित्य' म्हणतो. "हेब्बाळला साहित्य संपलं, स्वल्प पाठवा." त्यामुळे मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की आत्या ताठ मानेनं सांगायची, "साहित्याचं काम करतो."

व्हायचं तेच झालं. आमच्या मराठी मंडळानं 'प्रदीर्घ साहित्यसेवेबद्दल' अण्णाचा सत्कार ठरवला. पत्र वाचून त्याचे डोळे भरून आले. परक्यांनी त्याला पुष्कळ मान दिला होता, आपल्या माणसांनी मात्र या कामाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. "शेवटी विचारलं रे आपल्या लोकांनी," तो म्हणाला. गैरसमज माझ्या लक्षात आला होता, पण सांगायला जीभ रेटेना.

रविवारी सकाळी व्यासपीठावर चिटणिसांनी कौतुकानं विचारलं, "आपले संग्रह किती?"

"घरी दोन खोल्या भरून आहे. पण साहित्य नुसतं साठवून उपयोग नाही हो, वापरलं पाहिजे." टाळ्या पडल्या. "आणि एकदा वापरलेलं पुन्हा वापरायचं नाही!" आणखी टाळ्या. मग निरोध कसा चढवायचा हे दाखवायचा लाकडी नमुना त्यानं पिशवीतून काढला आणि समईशेजारी ठेवला.

चिटणीस आधी नमुन्याकडे आणि मग मागच्या फलकाकडे बघू लागले. अण्णानंही मागं वळून फलकावरचं 'साहित्यसेवा' पुन्हा एकदा वाचलं आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा मला बघवेना. नमुना उचलायला त्यानं हात पुढे केला, तोच पहिल्या रांगेतून आत्या उठली. "राहू दे तो तिथंच. हेच काम करतो माझा मुलगा. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

सगळे उपम्याकडे वळले. फक्त मंडळात पेटी वाजवणारे सत्तरीचे एक गृहस्थ खुर्चीत बसून राहिले होते. अण्णा जवळून जाताना ते हळूच म्हणाले, "एक विचारू? नाव कुठं येणार नाही ना?"

अण्णा त्यांच्याशेजारी बसला. उपमा संपला, बाकीच्या खुर्च्या उचलल्या, तरी दोघं बोलतच होते.

परतताना रिक्षात मी विचारलं, "काय म्हणाले?"

"साहित्य आवडलं म्हणाले," असं म्हणून अण्णा घर येईपर्यंत बाहेर बघत राहिला.

त्या गृहस्थांचं घर अण्णाच्या मागच्याच गल्लीत आहे. वीस वर्षं हे प्रश्न घेऊन तो सगळं शहर हिंडला, पण त्या गल्लीत कधी वळला नव्हता.